पटावर नसलेली घरं

पुणे-सातारा महामार्ग सोडून नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे वळलं, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीच्या जाहिरातींचे फलक सुरू होतात. कापूरहोळवरून भोरकडे निघालं तरी तेच. या फलकांवर साधारण तीन गोष्टी विकायला असतात: किल्ल्याचं दर्शन, धरणाचं पाणी आणि पुण्यापासूनचं अंतर. तिन्ही खऱ्या आहेत. राजगड आणि तोरणा दिसतात, भाटघर किंवा गुंजवणीचा जलाशय जवळ असतो, आणि भोर पुण्याहून पन्नास-बावन्न किलोमीटरवर आहे. फलकावर नसतात त्या गोष्टी मात्र राहणाऱ्या माणसाला रोज लागतात. प्राथमिक शाळा किती चालीवर आहे, रात्री साप चावला तर प्रतिविष कुठे मिळेल, शेवटची एसटी किती वाजता जाते, पिठाची गिरणी आठवड्यातून किती दिवस चालू असते, याबद्दल फलक गप्प असतो. विकत घेणाराही फारसं विचारत नाही, कारण त्याला तिथे राहायचंच नसतं. शनिवार-रविवार काढायचा असतो. माझं म्हणणं असं, की भोर-वेल्ह्याच्या ऐतिहासिक गावांचं भवितव्य या न विचारलेल्या प्रश्नांवर ठरणार आहे. गडाच्या तटबंदीची डागडुजी सरकार करील, पण गडाखालचं गाव बारमाही माणसांवर टिकतं, आणि या भागात सध्या छपरं वाढताहेत, माणसं वाढत नाहीत.

इतिहासाच्या पुस्तकांनी आपल्याला गडाकडे बघायला शिकवलं, गडाखाली बघायला फारसं शिकवलं नाही. पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी राहिलेला राजगड एकटा उभा नव्हता. गुंजण मावळ, कानद खोरं, रोहिड खोरं, हिरडस मावळ, वेळवंड खोरं, मोसे खोरं, अशी माणसांनी भरलेली खोरी त्याच्या आजूबाजूला होती. कारीचे कान्होजी जेधे, मोसे खोऱ्यातले बाजी पासलकर, शिंदचे बाजीप्रभू देशपांडे, भुतोंड्याचे येसाजी कंक या सगळ्यांची ओळख त्यांच्या गावांवरून आणि खोऱ्यांवरून सांगितली जाते. भात, नाचणी, गुरं, पायदळात जाणारी पोरं आणि पावसाळ्यात गडावर चढवायचं धान्य, हे सगळं या गावांमधून यायचं. गडाच्या पायथ्याला पाल खुर्दमध्ये शिवपट्टण म्हणून ओळखलं जाणारं वाड्याचं ठिकाण आहे, तिथेच सईबाईंची समाधी आहे. राजधानी गडावर असली तरी तिच्या संसाराचा पाया खालच्या वस्तीत होता. वस्ती विरळ झाली की गडही ओसाड होत जातो. एका बाजूला शिबंदी गेली आणि दुसऱ्या बाजूला गावं दुबळी झाली म्हणून कितीतरी गड रानात गेले.

भोरचा इतिहास याच सूत्राची दुसरी बाजू दाखवतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळालं आणि १६९७ पासून पंतसचिवांच्या या घराण्याचा अंमल मानला जातो. पुढे सत्तेचं ठाणं नीरेकाठच्या सपाटीवर, भोरमध्ये, स्थिरावलं. संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ. त्यांतल्या चारांना गडांचीच नावं होती. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला, तेव्हा अनेकांना ती नवी गोष्ट वाटली. खरं तर संस्थानी काळात राजगड नावाचा तालुका होताच. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, पण राजधानी म्हणून भोरमध्ये जे उभं राहिलं होतं ते राहिलं. १८६९ च्या सुमारास बांधलेला राजवाडा, बाजारपेठ, शाळा, नगरपालिका, न्यायालय, पुढे आलेलं एसटीचं आगार, उपजिल्हा रुग्णालय, महाविद्यालय. राजवाड्यात आज चित्रपटांची आणि मालिकांची चित्रीकरणं होतात, म्हणून बाहेरच्यांना भोर माहीत असतं. मात्र भोरला राहण्याजोगं ठेवलं ते राजवाड्याभोवतीच्या बाजारानं, आणि बाजार टिकला तो रोज पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्या अठरा-वीस हजार माणसांमुळे.

वेल्ह्याकडे वळलं की चित्र उलटं होतं. ऐतिहासिक वैभवाच्या मोजमापात हा तालुका भोरपेक्षा कितीतरी वर आहे. समुद्रसपाटीपासून १४०० मीटरहून उंच असलेला तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं ‘मराठा लष्करी स्थळं’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत राजगड आहे. माणसं मात्र नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेली. वेल्हे तालुक्याची त्याच काळात वाढली नाही, २०११ मध्ये ती ५५ हजारांच्या आतच होती. शेजारच्या शहरात माणूस मावत नाही आणि तासाभराच्या अंतरावरच्या खोऱ्यात शाळेला मूल मिळत नाही.

शाळेचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. त्यासाठी जी दोन उदाहरणं पुढे ठेवली गेली, त्यांत एक होतं नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि दुसरं याच वेल्हे तालुक्यातलं पानशेत. समूह शाळेच्या बाजूनं सांगण्यासारखं बरंच आहे. चार पोरांच्या एकशिक्षकी वर्गापेक्षा ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान आणि बस असलेली शाळा कुठल्याही पालकाला आवडेल. पण वाडीवरची शाळा बंद झाली की वाडीत लहान मूल असलेलं कुटुंब राहायला येण्याची शक्यता जवळपास संपते, आणि तसं कुटुंब आलं नाही की शाळा पुन्हा उघडण्याचा प्रश्नच उरत नाही. दवाखान्याचंही असंच. डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा देशभरचा निकष आहे. एसटीची फेरी प्रवासी बघून ठरते, ग्रामपंचायतीला मिळणारा वित्त आयोगाचा निधी बहुतांशी लोकसंख्येवर बेतलेला असतो. आपली सगळी व्यवस्था डोकी मोजते. त्यामुळे एखाद्या गावात शंभर नवे बंगले उभे राहिले आणि त्यांचे मालक मतदार यादीत, शिधापत्रिकेत आणि जनगणनेत कोथरूडचे किंवा ठाण्याचेच राहिले, तर त्या गावाच्या हिशेबात एकही माणूस वाढत नाही. कचरा मात्र शंभर घरांचा निघतो आणि पाणी शंभर घरांना लागतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबावं लागेल, कारण ‘धरणाजवळचं घर’ या आकर्षणामागे मोठा विरोधाभास आहे. या दोन तालुक्यांनी सव्वा शतकाहून जास्त काळ इतरांना पाणी दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेळवंडी नदीवर भाटघरला पहिलं धरण झालं, त्यावर नीरेचा डावा कालवा चालला. १९२८ ला भाटघरलाच आज दिसणाऱ्या मोठ्या धरणाचं उद्घाटन झालं आणि साठा साडेतेवीस टीएमसीच्या घरात गेला. जमीन बुडाली भोर संस्थानातली, ऊस पिकला खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे. त्याच साठ्याच्या पोटात कांबरे गावचं कांबरेश्वराचं मंदिर आहे, ते उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काही आठवड्यांपुरतं वर येतं. वेल्ह्याकडे पानशेत आणि वरसगाव ही दोन धरणं मिळून तेवीसेक टीएमसी पाणी साठतं, आणि पुण्याचे नळ त्यावर चालतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ती तारीख पुण्याच्या तीन पिढ्यांना पाठ आहे. पानशेतसाठी कोणाकोणाची भातखाचरं गेली ते शहरात क्वचितच कुणाला सांगता येईल. आणि आजही फुगवट्याच्या वरच्या अंगाच्या काही वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, कारण पाणी खाली असतं, वाडी वर असते, आणि उपशाच्या योजनेचं वीजबिल भरायला वाडीत पुरेशी घरं नसतात. तिथे पोहण्याचा तलाव असलेलं शेतघर बांधणं कायद्यात बसेलही, पण त्याला ग्रामजीवन म्हणणं ही थट्टा आहे.

अशी परिस्थिती फक्त आपल्याकडे नाही. जुन्या गावात राहण्याची हौस इंग्लंडमध्ये फार आधी रुजली, आणि तिचे परिणामही तिथे आधी दिसले. १९६७ च्या एका कायद्यानं तिथल्या स्थानिक प्रशासनांना सुट्या इमारतीऐवजी अख्खा परिसर जतनक्षेत्र म्हणून जाहीर करायचा अधिकार मिळाला. त्यामुळे दगडी घरं, गल्ल्या, झाडं, चर्चभोवतीची मोकळी जागा वाचली. पण सुंदर राहिलेल्या गावातली घरं श्रीमंत शहरवासीयांनी सुटीसाठी घेतली, किमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेल्या, आणि हिवाळ्यात दिवे न लागणाऱ्या गावांत दुकान, टपाल कार्यालय, शाळा एकेक करून बंद होऊ लागली. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज या किनारी गावानं २०१६ मध्ये मतदान घेऊन ठरवलं, की नवं घर विकायचं तर ते कायम राहणाऱ्यालाच. ८० टक्क्यांहून जास्त मतं त्या बाजूनं पडली आणि न्यायालयानंही हा नियम मान्य केला. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या स्थानिक प्रशासनांना दुसऱ्या घरावर दुप्पट कर लावता येतो. दुसरीकडे विल्टशायरमधलं लॅकॉक हे गाव बघण्यासारखं आहे. १९४४ मध्ये ते गाव आणि तिथला मठ माटिल्डा टालबट यांनी वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिला. ट्रस्ट तिथली घरं विकत नाही, राहणाऱ्यांना भाड्यानं देते. तिथेही भोरसारखीच चित्रीकरणं होतात, पर्यटकांची रीघ लागते, पण संध्याकाळी पर्यटक गेल्यावर घरांमध्ये माणसं असतात.

इंग्लंड श्रीमंत देश, त्याचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. पैशांच्या बाबतीत ते बरोबर आहे. ट्रस्टसारखी गावंच्या गावं सांभाळणारी संस्था आपल्याकडे नाही, आणि मावळातल्या घराची तुलना इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्डच्या घराशी होत नाही. शिवाय सेंट आइव्हजचा नियम फक्त नव्या घरांना लागू आहे, म्हणून सुटीचं घर घेणाऱ्याची नजर जुन्या घरांकडे वळणार हेही उघड आहे. एकट्या बंदीनं गाव भरत नाही. पण तुलनेतून घ्यायची गोष्ट दुसरी आहे. तिथे बांधकामावर कडक नियम होते आणि तरी गावं रिकामी झाली. आपल्याकडे नियमांची अंमलबजावणी ढिली आहे आणि गावं वेगळ्या वाटेनं त्याच मुक्कामाला चालली आहेत. आपल्या कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही, आणि तुकडेबंदी कायद्यानं जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे अशी किमान मर्यादा घातली. व्यवहारात एका सातबाऱ्यावर अनेकांची नावं सामाईक चढवून गुंठा-गुंठा विकला जातो. मधला रस्ता कागदावर खासगी राहतो, म्हणून ग्रामपंचायत तो करू शकत नाही. सांडपाणी खालच्या खाचरात उतरतं. डोंगरउताराला जेसीबी लागतो आणि पुढच्या पावसात माती ओढ्यात येते. पुण्याच्या रिंगरोडचा पश्चिम भाग भोर तालुक्यात वरव्यापर्यंत येतो आहे. तो पूर्ण झाल्यावर हा वेग वाढेल, कमी होणार नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि त्याला वरवरचं उत्तर देणं अन्यायाचं होईल. इंद्रायणी किंवा आंबेमोहर भाताचं एक पीक, तेही पावसाच्या भरवशावर, जमीन उताराची आणि भावकीत वाटली गेलेली. ज्याच्या घरात मुलीचं शिक्षण आणि म्हाताऱ्याचं आजारपण एकाच वर्षी आलं, त्याला जमीन विकू नको म्हणणारा लेखक शहरातला असतो आणि त्याचं पोट त्या जमिनीवर नसतं. शेतकऱ्याचा विकण्याचा हक्क मला मान्य आहे. तक्रार विक्रीबद्दल नाही, विक्रीनंतर त्या पैशातला किती गावात उरतो याबद्दल आहे. जमीन एकदाच विकता येते. दलाल, मुद्रांक आणि जुनं कर्ज वजा जाता जे हातात पडतं त्यातून कुटुंब बहुधा धनकवडी-कात्रजकडे एक खोली घेतं आणि गावातलं आणखी एक घर कुलुपात जातं. त्याच गावठाणातलं जुनं घर दुरुस्त करून वर्षभर राहणाऱ्या कुटुंबाला भाड्यानं गेलं, तर मालकाला दर महिन्याला पैसे येतात, जमीन हातात राहते, शाळेला दोन मुलं मिळतात आणि किराणा दुकानाला एक गिऱ्हाईक. आजवर यात मोठी अडचण होती, ती म्हणजे गावठाणातल्या घराला नीट कागद नसायचा. बँक कर्ज देत नव्हती, भावकीत वाद मिटत नव्हता. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं मिळू लागल्यापासून ही अडचण सुटण्यासारखी झाली आहे. राज्यात तिचा पहिला प्रयोग शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता. दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज आणि किमान पाच वर्षांचा भाडेकरार, एवढी जोड सरकारनं दिली तरी वेल्ह्यातली बंद घरं उघडायला सुरुवात होईल.

दुसरा आक्षेप पर्यटनाचा. राजगड जागतिक वारसा झाला, आता लोक येतील, हॉटेलं निघतील, तरुणांना काम मिळेल, मग बाहेरून माणसं बसवायची गरज काय? यात अर्धं तथ्य आहे. गुंजवणे, पाल, भुतोंडे या पायथ्याच्या गावांत जेवणावळी आणि वाहनतळ यांतून पैसा येतो, आणि यावा. पण गडावरची गर्दी सुटीच्या दिवशी असते आणि पावसाळ्यात उसळते, मढे घाट आणि धबधब्यांवर तर फक्त पावसाळ्यातच. तेवढ्या उत्पन्नावर बारमाही डॉक्टर, शिक्षक आणि औषधांचं दुकान उभं राहत नाही. तरुण गावात थांबेल तो वडापावची गाडी लावता येते म्हणून नव्हे. त्याच्या बायकोला बाळंतपणासाठी पन्नास किलोमीटर जावं लागणार नसेल आणि पोराला बरी शाळा असेल, तर तो थांबेल. पर्यटन हा त्यावरचा जोडधंदा.

राहिला तिसरा आक्षेप: जुनं जपायच्या नावाखाली गावकऱ्यांना कौलांत आणि शेणाच्या सारवणात कोंडून ठेवायचं का? पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात इथली गावं आली तेव्हा हीच भीती बोलली गेली, आणि ती खोटी नाही. शहरी माणसाला गाव जुनं दिसायला हवं असतं, गावकऱ्याला ते राहायला सोयीचं हवं असतं. दोघांत भांडण असेल तर मी गावकऱ्याच्या बाजूनं आहे. पक्कं छप्पर, घरात संडास, पक्का रस्ता, मोबाइलचा मनोरा यांनी राजगडाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते डोंगराच्या कडेवर कापलेल्या सपाट्यांनी आणि वर्षातले तीनशे दिवस बंद असलेल्या फाटकांनी. तेव्हा निर्बंध घालायचेच तर ते उतारावरच्या बांधकामावर घालावेत, गावठाणाला मात्र हात सैल सोडावा. घरपट्टीत कायम राहणाऱ्याला सूट आणि बंद घराला जादा दर, असा अधिकार ग्रामपंचायतीला द्यायला कायद्यात दुरुस्ती लागेल. वारशाच्या क्षेत्रातल्या तालुक्यांपासून ती करायला काय हरकत आहे? आणि शाळा-दवाखान्याचे निकष या गावांपुरते उलटे करावेत. लोकसंख्या वाढली की सोय देऊ असं न म्हणता दहा वर्षं सोय टिकवून बघावी, लोकसंख्या येते का ते त्यानंतर मोजावं. ज्या खोऱ्यांच्या पाण्यावर पुणं पन्नास लाखांच्या पुढे वाढलं, त्यांना एवढी सवलत मागायचा हक्क आहे.

निवृत्तीनंतर किंवा घरून काम करता येतं म्हणून इकडे यायचं मनात असेल, तर नकाशा वेगळ्या क्रमानं उघडावा. रोजच्या सोयींसाठी भोर शहर आणि नसरापूर ही आजही या भागातली सर्वांत शहाणी निवड आहे. दवाखाना, बाजार आणि एसटी पायी किंवा दुचाकीच्या अंतरावर, रोहिड्याच्या पायथ्याची बाजारवाडी आणि आंबवड्याचं नागेश्वर मंदिर जवळपास, आणि नसरापूरला बनेश्वराची गर्द राई आहेच. त्याहून आत विंझर, मार्गासनी किंवा वेल्ह्यात राहायचं असेल तर गावठाणात बंद घर शोधा, आणि ते मिळालं नाही तरच जमिनीकडे वळा. घर झाल्यावर गृहप्रवेशाच्या जेवणावळीआधी एक काम करा: मतदार यादीतलं नाव, शिधापत्रिका आणि आधारवरचा पत्ता त्या गावात आणा, आणि पुढच्या ग्रामसभेला जाऊन बसा.